नाशिकजवळच्या नद्यांत, डोहांत पोहायला जायचं तर: सीझन, जागा, सामान, सगळं सविस्तर

जुलैचा पहिला दणका पाऊस झाला की अर्ध नाशिक रविवारी सकाळी गाड्या काढून त्र्यंबक रोडला नाहीतर घोटी-इगतपुरीकडे सुटतं, पहिनेला दोन-दोन तास ट्रॅफिक, रस्त्यावर कणसं, स्पीकर, आणि त्यातले बरेच जण चड्डी-टॉवेल घेऊनच निघालेले असतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, पटो न पटो. आपल्याकडे पावसाळा हा पाणी बघायचा सीझन आहे, पाण्यात उतरायचा नाही. पोहायचा सीझन दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि होळीपर्यंत संपतो. तेव्हा गर्दी नसते, पाणी नितळ असतं, तळातला दगड न दगड दिसतो, आणि नेमकं तेव्हाच कोणी जात नाही. हा लेख त्या सीझनसाठी आहे.

कधी जायचं आणि पावसाळ्यात का नाही

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस पडतो आणि जेमतेम ४५ किमीवरच्या इगतपुरीत ३००० मिमीच्या वर. म्हणजे तुम्ही कॉलेज रोडला चहा पीत ऊन बघताय आणि तेव्हाच घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखा कोसळतोय असं रोज होतं. त्यात आपला सगळा डोंगर काळ्या कातळाचा, वर मातीचा थर पातळ, पाणी मुरत नाही, पडलं की थेट ओढ्यात. त्यामुळे वर तासभर जोराचा पाऊस झाला की खाली ओढा बघता बघता गुडघ्याचा कमरेपर्यंत येतो, आणि तुमच्या डोक्यावर मात्र एक थेंब पडलेला नसतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्र्यंबकजवळच्या दुगारवाडी धबधब्यावर हेच झालं, पाणी वाढलं, पर्यटक पलीकडे अडकले, रात्री अंधारात रेस्क्यू करावं लागलं आणि एक जण वाहून गेला. २०२४ च्या जूनमध्ये लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातले लोक वाहून गेले तो व्हिडिओ तर सगळ्यांनी पाहिलाय. तिथेही उभं राहिले तेव्हा पाणी फार नव्हतंच.

म्हणून जून ते सप्टेंबर लांबून बघा, भजी खा, घरी या. शिवाय या दिवसांत बऱ्याच धबधब्यांवर जिल्हा प्रशासनाचे बंदीचे आदेश निघतात, ते त्या त्या आठवड्याला बदलतात, निघायच्या आधी बातम्या बघा.

ऑक्टोबर जरा फसवा महिना आहे. सकाळी लख्ख ऊन आणि तीन-चार वाजता परतीच्या पावसाचा गडगडाट. जायचंच तर दुपारी एकपर्यंत पाण्याबाहेर. मोबाईलमध्ये विजांचं 'दामिनी' अॅप टाकून ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं आहे आणि फुकट आहे. नोव्हेंबर ते जानेवारी एक नंबर. फेब्रुवारीत पाणी उतरायला लागतं, छोटे ओढे आटतात, पण मोठे डोह टिकून असतात. मार्चनंतर जे पाणी उरतं ते साचलेलं, हिरवट, गुरं बसलेली, त्यात उतरण्यात मजाही नाही आणि ते आरोग्याला बरंही नाही.

कुठे जायचं: पूर्वेचं पाणी आणि पश्चिमेचं पाणी

लोक मला डायरेक्ट लोकेशन मागतात. त्याआधी एक गोष्ट डोक्यात बसवा, मग जागा तुमच्या तुम्हाला शोधता येतील. आपल्या डोंगरावर पाण्याची वाटणी होते. गोदावरी, दारणा, कादवा पूर्वेला वाहतात आणि वैतरणा, दमणगंगा, नार, पार पश्चिमेला. त्र्यंबकच्या डोंगरातच बघा ना, गोदावरी इकडे निघाली आणि वैतरणा तिकडे. आता यात पोहणाऱ्याच्या दृष्टीने फरक काय? धरणांचा.

पूर्वेच्या नद्यांवर धरणांची रांग आहे. गंगापूर, काश्यपी, गौतमी गोदावरी, दारणा, मुकणे, भावली, करंजवण, पालखेड, आणि तिकडे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात प्रवरेवर भंडारदरा, निळवंडे. धरणाच्या खालच्या नदीत पावसाचा आणि पाण्याचा काही संबंध नसतो, गेट उघडलं की पाणी येतं. उन्हाळ्यात शेतीचं आवर्तन (ठरलेल्या पाळीचं पाणी) सुटतं, पिण्यासाठी पाणी सुटतं, आणि पाऊस कमी झाला त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास जायकवाडीला सोडतात. २०२३ च्या नोव्हेंबरात सोडलं होतं. म्हणजे वर आकाश निरभ्र असलं तरी नदी वाढू शकते. बातमीत 'विसर्ग' शब्द दिसला की थांबा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, म्हणजे ५०० क्युसेक हा आकडा पेपरात किरकोळ वाटला तरी ते सेकंदाला १४ हजार लिटर पाणी आहे, मोठ्या टँकरपेक्षा जास्त, दर सेकंदाला. त्यामुळे नियम सोपा ठेवा: पूर्वेच्या नदीवर पोहायचं तर धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या ओढ्यात. धरणाच्या खाली नाही.

आणि 'वरच्या अंगाला' म्हणजे बॅकवॉटरमध्येही नाही बरं का. बॅकवॉटर शांत, निळंशार दिसतं, फोटो भारी येतात, पण खाली गाळ असतो, पाय मांडीपर्यंत रुततो, बुडालेली झाडं आणि जुने बांध असतात, आणि काठापासून चार पावलांवर जमीन एकदम संपते. पोहणारी माणसंही तिथे अडकतात.

पश्चिमेला पेठ, सुरगाणा, हरसूल पट्ट्यात चित्र वेगळं. इथे वरच्या टप्प्यात मोठी धरणं फारशी नाहीत, त्यामुळे धोका मुख्यतः वरच्या पावसाचा, आणि पाऊस नोव्हेंबरात थांबलेला असतो. नदी कातळातून वाहते, पायऱ्या पायऱ्यांनी उतरते आणि प्रत्येक पायरीखाली डोह. माझ्या मते पोहायला सगळ्यात चांगला पट्टा हाच. नाशिकहून पेठ साधारण ५५ किमी, घाटाचा रस्ता असल्याने दीड तास धरा, सुरगाण्याला आणखी वेळ लागतो. एसटी आहे पण परतीची गाडी कितीला ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवायचं.

डोहाचा पिन मात्र मी कोणाला देत नाही. एकतर दर पावसाळ्यात डोहाचा तळ बदलतो, गेल्या वर्षी वाळू होती तिथे यंदा धोंडा येऊन बसलेला असतो. दुसरं म्हणजे पिन व्हायरल झाला की पुढच्या वर्षी तिथे बाटल्यांच्या काचा असतात.

नुसत्या बघायच्या जागा मात्र सांगतो, म्हणजे तिथे कोणी उतरायचा विचार करू नये: गंगापूर रोडचा सोमेश्वर धबधबा (शहराला लागून, म्हणून लोक हलक्यात घेतात, पण तिथला कातळ अतिशय निसरडा आहे), दुगारवाडी, प्रवरेवरचा रंधा, सुरगाण्याचा भिवतास. मोठ्या धबधब्याच्या पायथ्याचं कुंड कितीही शांत वाटो, नको.

गावात विचारा, पण बरोबर प्रश्न विचारा

सगळ्यात महत्त्वाची स्टेप हीच आहे आणि नव्वद टक्के लोक हीच गाळतात. नदीवर जायच्या आधी शेवटच्या पाड्यावर थांबायचं, गाडी बंद करायची, आणि कोणीतरी वडीलधारं दिसलं की रामराम घालून बोलायचं. 'बाबा, पाणी खोल आहे का?' हा प्रश्न बाद. त्याला उत्तर येतं 'नाही, नाही, जा ना', कारण जो माणूस लहानपणापासून त्याच डोहात पोहतोय त्याला ते खोल वाटतच नाही. त्यापेक्षा असं विचारा:

'बाबा, गावातली बारकी पोरं कुठं पोहतात?' तीच तुमची जागा.

'गुरं पाण्यावर कुठून उतरतात?' म्हैस जिथून आत जाते तिथे तळ हळूहळू खोल होत जातो आणि बाहेर यायलाही सोपं असतं.

'इथं कधी कोणी गेलंय का?' याला उत्तर द्यायला माणूस जरा थांबला तर समजून घ्या.

'प्यायचं पाणी कुठून भरता?' हा पाणवठा चुकवण्यासाठी. पोहायचं नेहमी पाणवठ्याच्या खाली.

डोहाच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड ओळीने मांडलेले दिसले, कधी हिरव्या बांगड्या, कधी लिंबू-नारळ, तर त्या साती आसरा. पाण्याच्या देवता. तुम्ही मानत असा नसा, पण ज्या डोहाला माणसं पिढ्यान् पिढ्या घाबरत आली तो डोह सहसा खोल असतो किंवा तिथे भोवरा असतो. तिथे चपला घालून नाचायचं नाही आणि उतरायचं तर मुळीच नाही.

गावातलाच एखादा दादा बरोबर न्या, जो पोहणारा आहे. त्याला दिवसाचे पैसे आधी ठरवून द्या, रोख, कारण रेंज नसते आणि तिथे 'जीपे करतो' चालत नाही. भंडारदरा-कळसूबाई बाजूला जात असाल तर तो भाग कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर प्रवेश फी भरून पावती घ्या आणि वनरक्षकालाच विचारा की कुठे उतरायची परवानगी आहे.

पाण्याजवळ पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं कोरडंच राहायचं

पोरं काय करतात, बॅग टाकली की धावत जाऊन उडी. ही पंधरा मिनिटं काढाच.

पाण्याच्या कडेला, जिथे ओला दगड आणि कोरडा दगड भेटतो तिथे एक काडी खोचा किंवा दगडांची छोटी उतरंड रचा. दर दहा मिनिटांनी एकाने बघायचं. काडी पाण्यात गेली तर पाणी वाढतंय, कारण शोधत बसू नका, वर निघा. मग एक वाळकं पान प्रवाहात टाका आणि काठाने त्याच्या बरोबरीने चाला. नेहमीच्या चालीने तुम्ही पानाला गाठू शकत नसाल तर त्या जागी उतरायचं नाही. पान मधेच एका ठिकाणी गोल फिरायला लागलं तर तिथे भोवरा. पान एखाद्या दगडाखाली जाऊन परत आलंच नाही तर खाली कपार आहे, पाणी तिथून आत ओढलं जातंय, आणि ही सगळ्यात वाईट गोष्ट, कारण वरून काहीच दिसत नाही.

रांजणखळगे माहीत असतीलच, निघोजला कुकडी नदीत आहेत ते जगप्रसिद्ध. पाण्यात फिरणारे गोटे कातळ कोरत जातात आणि रांजणासारखे गोल खड्डे तयार होतात. असे छोटे-मोठे खड्डे आपल्या कातळाच्या नद्यांतही दिसतात. घोट्याएवढ्या पाण्यातून चालताना पुढचं पाऊल एकदम डोक्यापर्यंतच्या खड्ड्यात जातं, आणि भिंती गुळगुळीत, हाताला पकड नाही. म्हणून हातात काठी, आणि आधी काठी टेकवायची, मग पाय.

खोलीचं गणित डोळ्याने करू नका. स्वच्छ पाणी वरून बघताना आहे त्यापेक्षा उथळ दिसतं, आठ फूट खोल असलं तर सहा फूट वाटतं. काठीला किंवा दोरीला दगड बांधून मोजा. आणि बाहेर यायची जागा आत जायच्या आधी ठरवा, उभ्या कातळावरून आत उडी मारता येते पण वर चढता येत नाही, मग माणूस दमेपर्यंत कडेने फिरत राहतो. धबधब्याखालचं पांढरं फेसाळ पाणी टाळा, त्यात हवा मिसळलेली असते त्यामुळे अंग तरंगत नाही, चांगला पोहणाराही खाली जातो.

उतरताना

डिसेंबर-जानेवारीत डोहाचं पाणी चांगलंच गार असतं, त्या दिवसांत निफाडला पारा कुठे जातो ते पेपरात वाचतच असाल. दुपारी ऊन चटके देत असलं तरी खालचं पाणी रात्रीचंच असतं. एकदम उडी मारली की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि तेव्हा तोंड पाण्यात असेल तर संपलं. आधी पाय, मग हात, मान, छाती ओली करायची, मिनिटभर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, श्वास शांत झाला की पुढे. डोहावर ऊन यायला दहा-अकरा वाजतात, तेव्हा उतरा आणि दीड-दोनला आवरा. वीस मिनिटं पोहलं की बाहेर, ऊन खा, परत जा. पोटरीत गोळा आला तर घाबरून हातपाय मारायचे नाहीत, उताणे तरंगा, पायाचा अंगठा हाताने आपल्याकडे ओढा.

स्विमिंग टँकमध्ये चाळीस लॅप मारणाऱ्याला नदी येते असं नाही. टँकला कडा असतात, रेलिंग असतं. ज्यांना येतच नाही त्यांनी लाइफ जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात बसावं, तीही मजाच आहे. आपल्याकडे गावात पोरं विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून शिकतात, पण तिथे वर काका दोरी धरून उभा असतो हे विसरू नका. लहान मुलांना हाताच्या अंतरावर ठेवा, आणि 'मी बघतोय' म्हणणाऱ्याच्या हातात मोबाईल नको.

कायम एक माणूस काठावर कोरडा, दोरी हाताशी, आळीपाळीने. दारू प्यायलेला पाण्यात नाही, यावर वाद घालणारा मित्र पुढच्या वेळी बरोबर नाही. डोकं खाली करून सूर मारायचा नाही, मोजलं असलं तरी. मानेचं हाड मोडलं तर जवळचं मोठं हॉस्पिटल दोन तासांवर आहे आणि गाडीपर्यंत तुम्हाला डोलीत न्यावं लागेल.

पाणी वाढलं किंवा कोणी वाहून चाललं तर

नितळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा आणि काड्या वाहत आल्या, वरून घरघर आवाज यायला लागला, मातीचा वास आला, यातलं एक जरी झालं तरी बॅग, चप्पल, मोबाईल सोडा आणि त्याच काठाने उंचावर चढा. गाडी पलीकडच्या काठाला आहे म्हणून पाणी ओलांडायला जायचं नाही. बरेच लोक तिथेच वाहून जातात. अडकलात तर अडकून राहा, ओढ्याचं पाणी पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतं.

प्रवाहात सापडलात तर उताणे व्हा, पाय पुढे म्हणजे वाहत्या दिशेला, पायाची बोटं पाण्यावर दिसली पाहिजेत. उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडात अडकला की पाणी तुम्हाला वरून दाबतं. प्रवाहाच्या उलटं पोहून कोणी जिंकत नाही, तिरकं तिरकं काठाकडे सरका.

दुसरा बुडत असेल तर एक लक्षात ठेवा, बुडणारा माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूला, आवाज नाही. त्याच्यामागे उडी मारू नका, तो तुम्हाला धरून खाली नेईल. दोरी फेका, काठी द्या, ओढण्या एकमेकींना बांधून टाका, झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन दोरीला बांधून फेकला तरी माणूस तरंगतो.

बाहेर काढल्यावर आपल्याकडे पोट दाबतात नाहीतर उलटं धरून फिरवतात. हे करू नका, वेळ जातो आणि पोटातलं वर येऊन श्वासनळीत जातं. श्वास चालू नसेल तर उताणं झोपवा, डोकं मागे, हनुवटी वर, नाक दाबून तोंडाने आधी श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने ३० वेळा दाबा, २ श्वास द्या, परत ३०. दुसऱ्याने ११२ किंवा १०८ ला फोन लावायचा, रेंज नसेल तर एकाने पाड्याकडे पळायचं. माणूस शुद्धीवर आला, हसायला लागला, तरी हॉस्पिटलला न्यायचंच, फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

सामान आणि बाकीच्या गोष्टी

ओल्या कातळावर पकड असलेले बूट किंवा पट्ट्याचे सँडल, स्लीपर अजिबात नको. काळा चकाकणारा दगड म्हणजे शेवाळ, तिथे बसून सरका, लाज कसली. पंधरा-वीस मीटर दोरी, प्रत्येक न पोहणाऱ्यामागे एक जॅकेट, शिट्टी, क्रेप बँडेज, ओआरएस, गडद रंगाची चादर (मुलींना कपडे बदलायला आडोसा नसतो, दोघींनी चादर धरायची), कोरडे कपडे गाडीत. ऑफलाइन मॅप घरूनच डाउनलोड करा. घरी कोणाला तरी गावाचं नाव आणि 'सहापर्यंत फोन आला नाही तर' असं सांगून ठेवा.

डोहात पिवळसर अंगावर काळ्या ठिपक्यांचा साप दिसला तर बहुतेक वेळा दिवड असतो, बिनविषारी, मासे खातो, त्याला मारू नका. भीती वाटायला हवी ती काठावरच्या पालापाचोळ्यात आणि दगडांच्या फटीत, घोणस, फुरसं हे विषारी साप तिथे असतात, हात घालताना बघा. आणि वर कड्याकडे मान करून आग्या मोहोळ आहे का ते बघाच. मोहोळ असेल तर चूल पेटवायची नाही, परफ्युम नाही, फटाके तर नाहीच. बिबट्याचा भाग आहे, अंधार पडायच्या आत गाडीशी या.

जेवणासाठी पाड्यावर सकाळीच सांगून ठेवलं तर नागलीची भाकरी, उडदाचं किंवा कुळथाचं काहीतरी, ठेचा मिळतो, आणि दोन पैसे गावात राहतात. नदीत साबण, शाम्पू लावू नका, खाली कोणीतरी हंडा भरत असतं. बायका धूत असतील त्या बाजूला चड्डीवर जाऊन रील काढायची गरज नाही. वेफर्सची पाकिटं परत आणा.

घरी आल्यावर

स्वच्छ पाण्याने अंघोळ, कान कोरडे करा, काडी घालू नका. पायाला खरचटलं असेल तर साबणाने धुऊन जंतुनाशक लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. मुळात उघडी जखम असताना नदीत उतरूच नये, कारण गुराढोरांच्या, उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो लगेच कळत नाही, आठवडा-दोन आठवड्यांनी, कधी महिन्याभराने थंडी वाजून ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल अशी सुरुवात होते आणि डॉक्टरला आधी डेंग्यूच वाटू शकतो. पोहून आल्यावर महिन्याभरात असा ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन घरी बसू नका, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच, 'अमुक तारखेला नदीत पोहलो होतो.'